खिडकीखालची हरणी

६ नोव्हेंबर

लेक फोनवर म्हणाली, "बाबा, रोज माझ्यावर ओरडण्यापेक्षा लिहीत जा. मन मोकळं होईल." मी म्हटलं, मी ओरडत नाही, माझा आवाजच असा आहे. सगळं आयुष्य पेटत्या भट्टीसमोर बोललो, आता हळू बोलायला शिकणार कधी? पण तिने हेका सोडला नाही. म्हणून ही डायरी.

ही परवा दवाखान्यातून घरी आली. ही म्हणजे माझी बायको. तिचं नाव घ्यायची सवय नाही आणि या वयात ती लागायचीही नाही. पोटातली गाठ काढली, टाके सुकत आलेत, तिथपर्यंत सगळं ठीक. निघताना डॉक्टरने मला बाजूला घेतलं. म्हणाला, "आता सगळं वजनावर आहे. वजन टिकलं तर महिन्याभरात पुढची औषधं सुरू करू. उतरत गेलं तर ती औषधं शरीराला पेलणार नाहीत." मी विचारलं, मग काय करायचं? "मग करण्यासारखं फारसं उरत नाही," असं म्हणून त्याने पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

म्हणजे खायचं. एवढंच ना? अख्ख्या गल्लीच्या सकाळी मी पावाने भरल्या. मला एका बाईला खाऊ घालता येणार नाही?

७ नोव्हेंबर

दोन चमचे सूप, अर्धं बिस्किट. तिसऱ्या चमच्याला तोंड फिरवलं. "सगळं लोखंडासारखं लागतं हो," म्हणाली. मी म्हटलं, लोखंड तर लोखंड, गीळ. नंतर दिवसभर स्वतःचाच राग येत राहिला.

१० नोव्हेंबर

आज लिहिण्यासारखं आहे.

आमची गल्ली वस्तीच्या अगदी टोकाला. परसाच्या मागे तारेचं कुंपण, त्यापलीकडे झाडी. झाडीत हरणं पहिल्यापासून आहेत, पण टेकडीच्या पलीकडच्या उतारावर नवी घरं झाली तेव्हापासून ती सरळ अंगणात येऊ लागलीत. शेजारच्या मोठ्या बाईंचे गुलाब त्यांनी दोनदा फस्त केले. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, सगळी गल्ली त्यांना तेच म्हणते. त्यांनी कुंपणाला रिकामे डबे टांगलेत. वारा सुटला की आमच्याकडे नुसता खणखणाट होतो आणि हरणं शांतपणे पाकळ्या चघळत उभी असतात. बाईंनी सगळ्या गावाला शिस्त लावली, तेवढी हरणंच राहिली आहेत.

तर दुपारी एक हरणी आमच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली आली. कान फाटलेला, अंगावर हाडं दिसणारी. भिंतीवरचा सुकलेला वेल ओढत होती. हिने मला हाक मारली, "अहो, या ना लवकर, बघा ना कोण आलंय." मी धावत गेलो तर ही उशीला न टेकता बसलेली. आपली आपण उठून! हातात मी सकाळी दिलेला पावाचा तुकडा होता, तसाच धरलेला. हरणीकडे बघता बघता हिने तो खाल्ला. सगळा. आपण खातोय हे तिच्या लक्षातही नव्हतं. मी दारात श्वास रोखून उभा राहिलो, न जाणो, मला पाहून थांबली तर?

हरणी गेल्यावर मी परसात जाऊन शिळ्या पावाचे तुकडे टाकून आलो. ती रोज आली पाहिजे. काहीही करून आली पाहिजे.

१२ नोव्हेंबर

भट्टी पेटवली.

हिचं आजारपण सुरू झालं तेव्हा दुकानाचं शटर ओढलं, त्यानंतर आज पहिल्यांदा. विटा इतक्या गार पडल्या होत्या की धग धरायलाच सकाळ गेली. पहिला पाव खालून करपला, वरून कच्चा. मुर्दाड निघाला अगदी. दुसरा बरा झाला. तिसऱ्याला मी हातात घेऊन पाठीवर टिचकी मारली आणि तो बोलला. भाजलेला पाव पोकळ वाजतो, त्याला आम्ही बोलणं म्हणतो. डोळ्यांत पाणी आलं. धुराने असेल.

दुधात मळलेला, मऊ, बडीशेप घातलेला पाव. हिला लग्नाआधीपासून आवडतो. करपलेले दोन हरणीला.

मोठ्या बाई कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "भट्टीवाले, तुम्ही त्या जनावरांना पाव घालताय की काय? माझे गुलाब गेले तर तुमच्या दारात बसेन." मी म्हटलं, बसा ना, ताजा पाव देतो. पाव खाऊन आजवर कुणाचं वाईट झालंय?

१५ नोव्हेंबर

हरणी आता दुपारी ठरल्यासारखी येते. पण ही पुन्हा दोन घासांवर आली होती. मी समोर खुर्ची टाकून बसायचो, आणखी एक, आणखी अर्धा, असं करत. आज ती म्हणाली, "तुम्ही असे टक लावून बसता, मला गिळवत नाही. बाहेर जा. ताट इथे ठेवा आणि दार ओढून घ्या. मी खाईन."

मी गेलो. भट्टीपाशी जाऊन उगाच राख उकरत बसलो. बऱ्याच वेळाने परत आलो तर ताट रिकामं! पाव नाही, दुधाचा वाटीत थेंब नाही. ही दमून डोळे मिटून पडलेली आणि ओठांवर हसू. मी म्हटलं, सगळं? ती म्हणाली, "सगळं."

लेकीला फोन केला आणि ओरडलो, पण आनंदाने. ती रडली. माझ्याही जिवात जीव आला. इतके दिवस मी उगाच हिच्या छातीवर बसत होतो. बायकामाणसांना एकटं खायला आवडतं, हे मला कुणी आधी का सांगितलं नाही?

१६ नोव्हेंबर

ताट रिकामं.

१८ नोव्हेंबर

रिकामं. दुपारी दोन पाव दिले तेही संपले. खिडकीच्या कठड्यावर चुरा पडलेला असतो. चिमण्यांना टाकते वाटतं. मन बघा हिचं, स्वतः अंथरुणावर आणि काळजी पाखरांची.

१९ नोव्हेंबर

वनखात्याचा रक्षक आला होता. मोठ्या बाईंनीच तक्रार केली असणार, त्या कुंपणापलीकडे उभ्या राहून बघत होत्या. रक्षक सभ्य होता. म्हणाला, "काका, जंगली जनावराला खायला घालायचं नाही, कायदा आहे. त्यांची भीड चेपली की रस्त्यावर येतात, गाडीखाली जातात. पुन्हा दिसलं तर आम्हाला ती हरणी उचलून लांब सोडावी लागेल."

लांब सोडायची? तिच्यावर तर सगळं चाललंय. मी हात जोडले, म्हटलं, एक तुकडा टाकणार नाही, शपथ घेतो. आणि शपथ मोडणार नाही. आजपासून परसात काही टाकायचं नाही.

आता ती यायची थांबली तर मी काय करू? ही खायची थांबेल. मग काटा खाली, मग डॉक्टर पुढच्या पेशंटला बोलावणार. देवाधर्माचा मी माणूस नाही, पण आज संध्याकाळी झाडीकडे तोंड करून उभा राहिलो आणि त्या जनावराला म्हटलं, बाई, ये गं उद्या.

२० नोव्हेंबर

आली! मी काहीही टाकलं नव्हतं तरी आली. खिडकीखाली येऊन मान वर करून उभी राहिली, जसं कुणी कुणाला भेटायला येतं. ही आत ताट घेऊन बसलेली. मी भट्टीच्या आडोशाला उभा राहून पाहिलं, पण माझी चाहूल लागली तशी हिने आतून पडदा ओढला. मी मुकाट बाजूला झालो. त्यांची दोघींची वेळ आहे ती, मी कशाला लुडबुड करू?

पोटासाठी नाही तर मायेसाठी येते. मुक्या जनावराला कळतं हो.

२३ नोव्हेंबर

हिच्या बोटातली अंगठी परसात सापडली. खिडकीखाली, हरणीच्या खुरांनी उकरलेल्या मातीत. मी चाट पडलो. हिला विचारलं तर गोंधळली, म्हणाली, "कावळ्याने नेली असेल कठड्यावरून. हात धुताना काढून ठेवली होती." कावळाच. चकचकीत दिसलं की उचलतात मेले.

पुन्हा बोटात घातली तर घरंगळून खाली आली. दोरा गुंडाळून बसवून दिली. अंगठी सैल कशी झाली? सोनं झिजतं का इतकं?

२५ नोव्हेंबर

दवाखान्याच्या नर्सबाई घरी येऊन हिचं वजन करतात, आज त्यांचा दिवस. गेल्या खेपेला काटा तसूभर खाली गेला होता, त्यामुळे सकाळपासून मी दारात येरझाऱ्या घालत होतो. हिला दोघांनी धरून काट्यावर उभं केलं. काटा वर! गेल्या खेपेपेक्षा चांगला वर!

मी तिथेच टाळ्या वाजवल्या. नर्सबाईंच्या हातात गरम पाव कोंबला. हिचे पायसुद्धा बघा कसे भरलेत, म्हटलं, चपला घट्ट होतात आता. नर्सबाईंनी मान हलवली. हसल्या नाहीत. काही माणसांना चांगल्या बातमीची सवयच नसते.

हरणीसुद्धा अंग धरू लागली आहे. पोट गोल झालंय. गाभण आहे, दुसरं काय? मी हिला सांगितलं, तुझ्या मैत्रिणीला पाडस होणार. हिने पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. मग म्हणाली, "खरंच का हो?" आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. आनंदाने माणूस असं करतं कधी कधी.

२७ नोव्हेंबर

नर्सबाई ठरल्या वेळेआधीच पुन्हा आल्या. हिच्या घोट्यावर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला, सावकाश, सावकाश भरला.

मला हसू आलं. मी त्यांना समजावलं, आमच्यात फुगलेल्या पिठावर असंच बोट दाबून बघतात. खळगा झटकन भरला तर पीठ अजून कच्चं. सावकाश भरला की समजायचं तयार आहे, भट्टीत घाला. नर्सबाईंनी माझ्याकडे बघितलं, फार वेळ बघितलं. मग मला स्वयंपाकघरात नेऊन हळू आवाजात विचारलं, "काका, त्या सगळं खातात हे तुम्ही डोळ्यांनी बघता का?"

मी भडकलो. ताट मी नेतो, ताट मी आणतो, मी खोटं बोलतो का? त्या म्हणाल्या, "तसं नाही. रक्त तपासायला घेऊन जाते." घेऊन गेल्या. या बाईला हिचं बरं होणं बघवत नाही की काय, असा घाणेरडा विचार मनात आला. आला तो लिहिला.

२९ नोव्हेंबर

सकाळी ही न्हाणीघरात जाताना मधेच खाली बसली. मी उचलून आणलं. आयुष्यभर पिठाची पोती उचलली आहेत मी, पोत्यात मूठभर कमी असलं तर दुकानदाराला जागेवर सांगायचो. आज हिला उचललं आणि हातांना काही लागलंच नाही.

पण काटा तर वर गेलाय. मग काय, माझे हात खोटं बोलतात? दोन आठवडे भट्टीवर राबतोय, ताकद आली असेल अंगात. हो, तेच.

तेच असू दे.

१ डिसेंबर

हरणी खिडकीखाली बसून आहे, उठत नाही. पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं, मान जमिनीला लागलेली, दात खाते आहे. वेणा सुरू झाल्या बहुतेक. मी जुनी पोती पसरली, पाणी ठेवलं. ती पाण्याकडे बघतसुद्धा नाही. जवळ गेलो तरी पळाली नाही.

ही खिडकीचा गज धरून उभी होती. कशी उभी राहिली देव जाणे. रडत होती. मी वर बघून म्हटलं, अगं, रडतेस काय, सुटेल ती. ही म्हणाली, "डॉक्टरला बोलवा. आत्ता बोलवा. तुम्हाला माझी शपथ." मी वनखात्याला फोन केला. शपथ मोडल्याबद्दल पकडतील तर पकडू देत, असं मनात आलं, पण मी ती मोडली नव्हती.

२ डिसेंबर

जनावरांचे डॉक्टर यायच्या आधीच हरणी गेली.

डॉक्टर गुडघ्यावर बसले, पोटावर टकटक केलं, तोंड उघडून वास घेतला. मी म्हटलं, पाडस वाचवता येईल का? ते म्हणाले, "पाडस कुठलं, काका? हा वायू आहे. हिच्या पोटात पाव आंबलाय." मला काही कळेना. त्यांनी सांगितलं, "हरणाचं पोट पाल्यासाठी बनलेलं. त्यात रोज पाव पडला की तो आत फुगतो, आंबट होतो, पोटाची आतली साल जाळतो. वरून जनावर गरगरीत दिसतं आणि आत उपाशी मरत असतं."

हे मला समजवायला कुणी डॉक्टर लागत नाही. उबेला पीठ ठेवलं की ते काय करतं हे माझ्याइतकं कुणाला माहीत? मी तिथेच मातीत बसलो. वास मलाही आला. माझ्याच परातीचा वास, उरलेलं पीठ विसरून गेलो की येतो तो.

"किती घालत होता?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आधी घातला, पण रक्षक येऊन गेल्यापासून एक तुकडा नाही. "मग दुसरं कुणी घालतंय. भरपूर आणि रोज. हे बघा, कालचा आहे." हरणीच्या जबड्यात लगदा अडकला होता. पांढरा, मऊ.

माझं डोकं फिरलं. मी उठलो आणि कुंपणापाशी जाऊन मोठ्या बाईंच्या नावाने ओरडायला लागलो. तुम्हीच मारलंत तिला, म्हटलं. गुलाबांपायी मारलंत. माझ्याकडून पाव न्यायचा आणि हरणीला घालायचा, मरू दे म्हणून! काय काय बोललो, लिहवत नाही. सगळी गल्ली बाहेर आली. बाई माझा दम संपेपर्यंत थांबल्या आणि मग इतक्या हळू बोलल्या की मला जवळ जावं लागलं.

"भट्टीवाले, मी मधुमेही आहे. तुमचा पाव मी नेते आणि मोलकरणीला देते, तो भाग वेगळा. पण हरणी माझ्या खिडकीखाली कधी उभी राहिली? मी रोज इथून बघतेय. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

मागून हाक आली, "अहो." एवढीच. मी वळलो तर ही खिडकीत होती. तिच्या चेहऱ्यावरून मला सगळं समजलं, आणि समजू नये म्हणून मी अंगणात तसाच उभा राहिलो. "आत या," ती म्हणाली.

आत गेलो. तिने मला पलंगावर बसायला सांगितलं. मी खुर्ची ओढली तर म्हणाली, "खुर्ची नको, इथे बसा." मग म्हणाली, "मी मारलं तिला. मला काय माहीत हो? ती उपाशी होती. मला वाटलं, निदान कुणाच्या तरी तोंडी लागतंय."

मी विचारलं, सगळं? पहिल्या दिवसापासून?

"पहिल्या दिवशी दोन घास खाल्ले. उलटून आले. तुम्ही आत आलात, ताट बघितलंत आणि तुमचा चेहरा..." तिने चादरीचा काठ हातात धरला. "दवाखान्यात तुम्ही किती म्हातारे झाला होतात. आणि इथे भट्टी पेटवलीत. सकाळी तुम्ही पीठ आपटता तो आवाज यायचा, शिट्टी वाजवायचात. मला सांगवेना. खायचा प्रयत्न केला मी, शप्पथ. घशात जायचं आणि तिथेच थांबायचं. मग खिडकी उघडायचे."

मी ओरडलो. इतकं सगळं समजून मी तिच्यावर ओरडलो. म्हटलं, तू मला फसवलंस, इतके दिवस फसवलंस, आता मी डॉक्टरला काय सांगू, लेकीला काय सांगू? ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "तिला पुरून या आधी. तशी पडली आहे बिचारी."

जनावरांच्या डॉक्टरांनी पुरू दिलं नाही, गाडीत घालून नेली. मातीत खळगा राहिलाय.

३ डिसेंबर

भट्टी पेटवली नाही.

४ डिसेंबर

दवाखान्यात नेलं. रक्ताचा रिपोर्ट आला होता. डॉक्टर म्हणाला, "हे वजन पाण्याचं आहे. पायात, पोटात पाणी साठलंय, कारण अंगात काही जातच नाहीये." मी म्हटलं, नळीने अन्न घाला. कुठूनही घाला. माझं घ्या, रक्त घ्या, काय हवं ते घ्या. या वेळी त्याने पुढच्या पेशंटला बोलावलं नाही. त्याने समोरची फाईल मिटली, आणि तेच मला जास्त भीतीदायक वाटलं. नळी घालून थोडे दिवस वाढतील, म्हणाला, पण गाठ पुन्हा आली आहे आणि पुढची औषधं देता येणार नाहीत.

हिने त्यालाच सरळ विचारलं, "नळी घालायलाच हवी का?" तो म्हणाला, "तुम्ही ठरवायचं." हिने माझ्याकडे बघितलं. मला हो म्हणायचं होतं. घाला, बांधून ठेवा, काहीही करा, पण घाला, हे माझ्या तोंडाशी आलं होतं. ती बघत राहिली. मी म्हटलं, नको.

नको म्हणालो, तो शब्द अजून कानात आहे. मी कोण नको म्हणणारा?

५ डिसेंबर

लेक परवा पोचते. तिला सगळं सांगितलं. मला वाटलं, आईवर चिडेल. ती म्हणाली, "बाबा, मीसुद्धा फोनवर रोज विचारायचे, काय खाल्लं, किती खाल्लं. आई तरी काय करणार?"

दुसरी दोन हरणं कुंपणापाशी येतात. खिडकीकडे बघतात. मी परात आपटून हाकलतो. मोठ्या बाई आपल्या बाजूने डबे वाजवतात. त्या दिवसानंतर आमच्यात एवढंच बोलणं. मला माफी मागायची आहे, पण शब्द तोंडातून निघत नाही.

हिची तहान तेवढी राहिली आहे. ओला कापूस ओठांवर फिरवतो. आज म्हणाली, "गार बरं वाटतं." मी दिवसभर तेच केलं. भाकरीतुकड्याशिवाय माणसासाठी काही करता येतं, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

७ डिसेंबर

लेकीची गाडी चुकली, उद्या सकाळी येईल.

दुपारी मोठ्या बाई पहिल्यांदाच आमच्या घरात आल्या. हातात डबा. तो टेबलावर ठेवला आणि हिच्याजवळ जाऊन थोडा वेळ बसल्या. काय बोलल्या दोघी कुणास ठाऊक, एकदा तर हसण्याचा आवाज आला. जाताना मी दारात म्हटलं, बाई, माझं चुकलं. त्या म्हणाल्या, "हो, चुकलं. डबा गरम आहे तोवर जेवा," आणि गेल्या.

मी डबा तसाच झाकून ठेवला. आत गेलो तर हिने विचारलं, "तुम्ही जेवलात?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "कधी?" खरं म्हणजे हरणी गेली त्या दिवसापासून चहाशिवाय पोटात काही नाही. मला भूकच नाही. अन्नाचा वास आला की तो आंबट वास आठवतो.

"बाईंचा डबा इथे घेऊन या," ती म्हणाली. "आणि माझ्यासमोर जेवा."

मी म्हटलं, नंतर जेवतो. लेक आली की जेवतो. ती नुसती बघत राहिली. मी ताट वाढून आणलं आणि पलंगावर तिच्या पायांशी बसलो. भात होता, भाजी होती. पहिला घास तोंडात घातला तर तो तिथेच फिरत राहिला, घशाखाली उतरेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ती बघत होती. मी दुसरा घास घेतला. तो पहिल्यापेक्षा मोठा वाटला. एका क्षणी माझी नजर खिडकीकडे गेली आणि तिनेही ते पाहिलं. खिडकी बंद होती.

"सावकाश," ती म्हणाली. "घाई नाही."

तिचा हात माझ्या गुडघ्यावर होता. मी खात राहिलो. थोड्या वेळाने तो हात सैल पडला. मी घाबरून वर बघितलं. श्वास चालू होता. तिला झोप लागली होती, तोंड थोडं उघडं.

ताटात अजून अर्धं जेवण होतं. खोलीत बघणारं कुणी नव्हतं. मी ते सगळं खाल्लं.